दंतसाहाय्यकाचे शिक्षण व आपला शिक्षण-निधी

संघाच्या स्मरणिकेत धान्याची आवक-जावक, कराचे बदलते नियम, वखारींची भाडी यांविषयी चार शब्द लिहिण्याचा आमचा दरवर्षीचा परिपाठ आहे. यंदा संपादक मंडळाने विषयाचे बंधन घातले नाही. तेव्हा ज्या गोष्टीने गेली काही वर्षे आमच्या मनाला टोचणी लावली आहे, तीच सभासद बंधु-भगिनींपुढे मांडावी, असे आम्ही ठरविले. विषय दंतवैद्याच्या साहाय्यकाच्या शिक्षणाचा आहे. धान्याच्या व्यापाऱ्याने दातांच्या गोष्टी कशास सांगाव्यात, असे कोणी म्हणेल. परंतु हा प्रश्न दातांचा जितका आहे, त्याहून अधिक आपल्या शिक्षण-निधीचा आहे. आणि त्या निधीच्या समितीवर आम्ही अनेक वर्षे बसलो असल्याने त्याच्या हिशेबातील एक चूक आमच्याच नावे पडणे न्याय्य आहे.

हकीकत अशी. आमच्या पेढीवर बावीस वर्षे कीर्द-खतावणी सांभाळणारे मुनीम 2017 सालच्या अखेरीस अकस्मात वारले. त्याच वर्षी 1 जुलैपासून वस्तू व सेवा कर लागू झाला होता, पेढीचा हिशेब संगणकावर गेला होता, आणि मुनीमजींच्या वळणदार अक्षराचे मोल बाजारात आधीच उतरले होते. मागे पत्नी व दोन शाळकरी मुले राहिली. बाई दहावी उत्तीर्ण, वय छत्तीस. सहा महिन्यांनी त्यांनी संघाच्या शिक्षण-निधीकडे अर्ज केला. दंतवैद्याच्या साहाय्यकाचे काम शिकावयाचे आहे, शुल्कापुरते साहाय्य मिळावे, नोकरी लागताच हप्त्याने परत करीन, असा अर्जाचा मजकूर होता. समितीत आम्हीच बोललो. निधी पदवीच्या शिक्षणासाठी आहे, वय उलटलेले आहे, आणि शेवटी हे काम म्हणजे परक्याच्या उष्ट्या तोंडापुढे भांडे धरण्याचे. त्यात शिक्षण ते कोणते? अर्ज नामंजूर झाला. त्यावरील शेरा आमच्या हस्ताक्षरात आजही दप्तरात आहे. घरखर्चासाठी काही रक्कम पाठवून आम्ही आपले कर्तव्य झाले असे मानले. बाईंनी ती रक्कम साभार परत केली, हातातील दोन बांगड्या मोडल्या, आणि त्या शिकावयास गेल्या.

पुढे 2023 साली आमचीच दाढ दुखू लागली. गाल सुजला, रात्रीची झोप गेली, आणि मुलाने आम्हांस एका दंतवैद्याकडे नेले. दाढ काढावयाची ठरली. खुर्चीवर बसताच तोंडावर पट्टी बांधलेल्या एका बाईने आमचे नाव, वय, मधुमेह, रक्तदाब असे एकेक विचारून कागदावर लिहिण्यास प्रारंभ केला. रोज कोणती औषधे घेता, या प्रश्नाला आम्ही दुखण्याच्या भरात 'काही नाही' असे उत्तर दिले. त्या थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "सावकार, हृदयाची नळी उघडल्यापासून रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू आहे ना तुमची? हे असताना त्या गोळ्या तेच तर आणीत होते." तेव्हा आम्ही त्यांना ओळखले. त्यांनी डॉक्टरांना सांगितले. डॉक्टरांनी आमच्या हृदयवैद्यांना दूरध्वनी केला. गोळी आपल्या मनाने बंद करू नका असे आम्हांस बजावले, आणि रक्तस्राव आवरण्याची सर्व तयारी ठेवून दोन दिवसांनी दाढ काढली. काही विपरीत घडले नाही. मुनीमजींच्या पत्नी म्हणून त्यांना आमच्या गोळीची आठवण होती, हे खरे. पण अनोळखी रोग्यालाही तो प्रश्न विचारावयाचाच, आणि उत्तर संशयास्पद वाटले तर पुढे जाऊ द्यावयाचे नाही, हे त्या शिकल्या होत्या. ज्या शिक्षणाला आम्ही शिक्षण मानले नाही, तेच आमच्या कामी आले.

त्यानंतर आम्ही हे काम काय आहे, याची चौकशी केली. डॉक्टरांना विचारले, बाईंना विचारले, दोन-तीन दुपारी दवाखान्याच्या बाकावर बसून पाहिले. जे समजले ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट स्वच्छतेची. एका रोग्याच्या तोंडातून निघालेले प्रत्येक हत्यार घासून, धुऊन, वाळवून, पिशवीत बंद करून दाबाच्या वाफेच्या यंत्रात ठेवावे लागते. ही वाफ 121 अंश सेल्सिअसवर असेल तर किमान 15 मिनिटे आणि 134 अंशांवर असेल तर किमान 3 मिनिटे टिकावी लागते. यंत्र तापण्याचा वेळ त्यात धरावयाचा नाही. घाई करून यंत्र अर्ध्यात उघडले, तर डोळ्यांना काहीही दिसत नाही, परंतु काविळीसारखा रोग एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जाऊ शकतो. डॉक्टर कितीही निष्णात असो, त्याच्या हातात येणारे हत्यार शुद्ध आहे की नाही, हे साहाय्यकाच्या सचोटीवर अवलंबून असते. आपल्या धंद्यात पोत्याला नळी टोचून नमुना काढता येतो. येथे नमुना पाहण्याची सोय रोग्याला नाही. त्याने केवळ विश्वास ठेवावयाचा.

दुसरी गोष्ट नोंदीची. दातांना दोन अंकी क्रमांक असतात. तोंडाचे चार भाग कल्पून पहिला अंक भागाचा आणि दुसरा त्या भागातील दाताचा. खालच्या जबड्यातील डावीकडची पहिली मोठी दाढ 36, तर उजवीकडची 46. डॉक्टर 'तीन-सहा' असे सुटे अंक उच्चारतात आणि साहाय्यक लिहितो. एक अंक चुकला, तर निरोगी बाजूची दाढ रोगी म्हणून कागदावर चढते. जमेची रक्कम नावे टाकली, तर वर्षअखेर ताळा जमत नाही व चूक सापडते. काढलेली दाढ मात्र पुन्हा बसविता येत नाही. कीर्द लिहिणाऱ्या घराण्यातील मुलामुलींना ही जबाबदारी वेगळी समजावून सांगावी लागेल, असे आम्हांस वाटत नाही.

तिसरी गोष्ट हाताची. डॉक्टर काम करीत असता लाळ व पाणी ओढून घेणारी नळी अशी धरावयाची की जीभ व गाल दूर राहावेत आणि डॉक्टरांची नजर अडू नये. मागण्यापूर्वी पुढचे हत्यार हातात द्यावयाचे. चार हातांनी एक काम व्हावे, अशी ही पद्धत आहे. दातांचा ठसा घेण्याची भुकटी मापाच्या पाण्यात सुमारे एका मिनिटाच्या आत गुळगुळीत घोटावी लागते. पाणी कोमट असेल तर ती लवकर घट्ट होते, म्हणून उन्हाळ्यात गार पाणी घ्यावयाचे, हेही ज्ञानच. वापरलेल्या सुईवर दोन्ही हातांनी टोपण बसवावयाचे नाही. जैव-वैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांप्रमाणे रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे व नळ्या लाल पिशवीत, सुया न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात आणि काच निळ्या खोक्यात टाकावयाची. आणि या सर्वांवर, भेदरलेल्या लहान मुलाला किंवा म्हाताऱ्याला दोन शब्द बोलून खुर्चीवर स्थिर बसवावयाचे.

हे सर्व पाहिल्यावर 'त्यात शिक्षण ते कोणते' हा आमचा 2018 सालचा प्रश्न आठवून आम्हांस लाज वाटली.

आता आक्षेपांकडे वळू. आमच्या एका स्नेह्याने विनोदाने म्हटले की, श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य आहेच. मग दातांचा धंदा कसा करावा? विनोदाला उत्तर इतकेच की, तेथील दंत हा हत्तीचा आहे. प्राण्याची हत्या करून मिळणाऱ्या हस्तिदंताचा व्यापार तेथे निषिद्ध आहे. माणसाची वेदना दूर करणाऱ्याचे साहाय्य निषिद्ध नाही. उलट, भगवान आदिनाथांनी असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य व शिल्प अशी जी सहा कर्मे लोकांना शिकविली असे आपण मानतो, त्यांत हे काम विद्या व शिल्प या दोहोंत बसते. आपण वाणिज्यातील लोक उरलेल्या पाचांना खालचे समजू लागलो, हा दोष शास्त्राचा नाही.

उष्ट्या तोंडाचा आक्षेप आम्हीच घेतला होता, म्हणून त्याचे उत्तरही आम्हीच दिले पाहिजे. रोग्याची सेवा करताना किळस न बाळगणे, हे आपल्या परंपरेत वैयावृत्त्य म्हणून तपात गणले आहे. शिवाय आपले मुनिमहाराज प्रत्येक वस्तू पाहून, जपून उचलतात आणि पाहून, जपून ठेवतात. पाच समित्यांपैकी ती एक समिती आहे. दवाखान्यात त्या बाई प्रत्येक हत्यार ज्या सावधपणे उचलीत व ठेवीत होत्या, ते पाहताना आम्हांस त्याच समितीचे स्मरण झाले. मुनिधर्माची व नोकरीची बरोबरी करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु पाणी गाळून पिण्याचे संस्कार ज्या घरांत आहेत, त्या घरांतील मुलांना हत्यार उकळून घेण्याची शिस्त जड जाणार नाही, इतके म्हणण्यास हरकत नसावी.

तिसरा आक्षेप स्त्रियांनी परक्याच्या दवाखान्यात काम करण्याचा. या व्यवसायाचा इतिहासच त्याला उत्तर देतो. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात एडमंड केल्स नावाच्या दंतवैद्याने 1885 साली एका तरुणीला साहाय्यक म्हणून नेमले. त्या काळी तेथील स्त्रियाही दंतवैद्याकडे एकट्याने जाण्यास संकोचत असत. दवाखान्यात स्त्री उपस्थित आहे, अशी पाटी लागल्यावर त्या निःशंकपणे येऊ लागल्या. पुढे 1924 साली तेथील साहाय्यकांनी ज्युलिएट साउथर्ड या बाईंच्या नेतृत्वाखाली आपली राष्ट्रीय संघटना काढली. म्हणजे ज्या गोष्टीला आपण अडचण म्हणतो, त्याच गोष्टीतून हे काम जन्मास आले. आपल्या घरातील सुना-लेकी दंतवैद्याकडे जातात, तेव्हा तेथे एक जाणती स्त्री असावी, असे आपल्यालाही वाटते; मग ती दुसऱ्याच्याच घरची का असावी? आणि हे काम केवळ स्त्रियांचे आहे, असेही नाही. मुनीम, दिवाणजी व तोलारी यांची जी मुले हिशेबाच्या कामावाचून रिकामी बसली आहेत, त्यांनाही ते तितकेच उपयोगी आहे.

येथे एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मालाचा दोष झाकून विकण्याची आपल्या पेढ्यांची रीत नाही. दंतवैद्यांसाठी आपल्या देशात 1948 साली कायदा झाला, त्यात दंतवैद्यांबरोबर दात स्वच्छ करणारे आरोग्यक व कृत्रिम दात घडविणारे तंत्रज्ञ यांच्या नोंदणीची तरतूद होती, साहाय्यकाची नव्हती. संसदेने 2023 साली त्याजागी राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा संमत केला. परंतु साहाय्यकाच्या शिक्षणाला वर्षानुवर्षे सक्तीची नोंदणी नसल्याने त्याचा दर्जा जागोजाग निराळा राहिला. कोठे काही महिन्यांचा अभ्यासक्रम, कोठे वर्षाचा, आणि कोठे चार भिंती व एक फलक एवढेच. बाईंनीही प्रथम एका खाजगी वर्गात शुल्क भरले, आणि तेथे तीन महिन्यांत एकही हत्यार हातात पडले नाही. दुसऱ्या ठिकाणी, दवाखान्यात उभे राहून शिकावयास मिळाले तेव्हा त्या तयार झाल्या. न शिकता लागलेल्यांना पगार अत्यल्प मिळतो, आणि त्यांच्याकडून झाडलोटीपासून सर्व कामे करून घेतली जातात, हेही आम्ही पाहिले. म्हणून 'जा, शिका' इतके सांगून संघाची जबाबदारी संपत नाही. आपण धान्य घेताना वजन, ओलावा व खडा तपासतो. शिक्षण विकत घेतानाही तीच दक्षता हवी.

हेही ध्यानात ठेवावे की साहाय्यकाने दात कोरणे, काढणे वा भरणे ही कामे करावयाची नाहीत, ती दंतवैद्याचीच. जो शिक्षक किंवा मालक त्याला ती करावयास लावतो, तो त्याला शिक्षण देत नसून संकटात लोटतो. ज्यांची बारावी विज्ञान शाखेतून झाली आहे, त्यांनी आरोग्यकाची किंवा तंत्रज्ञाची दोन वर्षांची पदविका घ्यावी. ती मान्यताप्राप्त असून तिची नोंदणी होते. ज्यांना तेवढा काळ वा तेवढी पूर्वतयारी नाही, त्यांच्यासाठी साहाय्यकाचे शिक्षण आहे. ज्याला जे झेपेल ते त्याने घ्यावे.

आता आमच्या सूचना. शिक्षण-निधीच्या नियमात 'पदवी' हा शब्द आहे; त्यापुढे 'पदविका व प्रमाणपत्र' हे शब्द घालावेत आणि वयाची अट काढून टाकावी. आयुष्याच्या मध्यावर ज्यांचा आधार जातो, त्यांनाच नव्याने शिकण्याची सर्वांत अधिक गरज असते. त्यांनाच आपला नियम दारातून परतवितो. निधीतून शुल्क देण्यापूर्वी समितीने स्वतः जाऊन पाहावे: शिकविणारे कोण, शिक्षण रुग्णालयास वा दंत महाविद्यालयास जोडलेले आहे काय, प्रत्यक्ष हाताने काम किती महिने, निर्जंतुकीकरणाचे यंत्र विद्यार्थ्यांच्या हाती देतात काय, आणि मागील विद्यार्थी आज कोठे आहेत. बेळगावात दोन दंत महाविद्यालये आहेत, गोव्यात शासकीय दंत महाविद्यालय आहे. अशा संस्थांशी संघाच्या पदाधिकाऱ्यांनी बोलणी करून आपल्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामाची संधी मिळेल काय, ते पाहावे. शिकावयास जाणाऱ्या प्रत्येकाला काविळीच्या 'ब' प्रकाराविरुद्धची लस मिळालीच पाहिजे. तिच्या तीन मात्रा असतात. दुसरी एका महिन्याने, तिसरी सहा महिन्यांनी. तो खर्च शुल्कातच धरावा, कारण सुई टोचण्याचा धोका पहिल्या दिवसापासून असतो.

आपल्या समाजातील जे दंतवैद्य आहेत, त्यांनाही आमची विनंती आहे. संघाच्या निधीतून जे शिकून येतील, त्यांना नेमणुकीचे पत्र, ठरलेली वेळ व शिक्षणास साजेसे वेतन द्यावे. आपण त्यांच्या पदवीदान प्रसंगी शाली पांघरल्या, त्यांतील काहींच्या शुल्काचा भार याच निधीने उचलला; तेव्हा हे मागणे अवास्तव नाही.

निधीचा पैसा असा खर्च केल्यास विद्वान तयार होणार नाहीत, असा शेवटचा आक्षेप येईल. त्यावर आपल्याच वाडवडिलांचे उदाहरण पुरे आहे. दक्षिण भारत जैन सभा 1899 साली स्तवनिधी येथे स्थापन झाली आणि तिने शिक्षणासाठी जागोजाग बोर्डिंगे चालविली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली आणि कमवा व शिका हा मार्ग गोरगरिबांच्या मुलांना दाखविला. हाताने काम करणे आणि शिकणे यांत त्यांना विरोध दिसला नाही. आपण मात्र निधी जमविताना सर्वांकडून घेतो आणि देताना फक्त गुणपत्रिका पाहतो. आपण दरवर्षी महावीर जयंतीस दातांच्या तपासणीचे मोफत शिबिर भरवितो, ते औषधदानच आहे. परंतु एका साहाय्यकाला शिकविले, तर शास्त्रदान व औषधदान ही दोन्ही घडतात, आणि त्याच्या घरातील चूल स्वतःच्या कमाईवर पेटते. ज्याला आपण मदत पाठवितो तो मान खाली घालतो. ज्याला विद्या देतो तो ती परत करण्याची ताकद मिळवितो.

त्या बाईंची थोरली मुलगी आता महाविद्यालयात आहे. दाढ काढून झाल्यावर आम्ही बाईंपाशी अर्जाचा विषय काढला. त्यांनी तो वाढविला नाही. "झालं ते झालं, सावकार. दोन दिवस गार खा, आणि चूळ जोरात भरू नका," इतकेच म्हणाल्या आणि पुढच्या रोग्याकडे वळल्या. त्यांनी क्षमा केली असेल; परंतु निधीच्या दप्तरातील शेरा तसाच आहे. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत नियमदुरुस्तीचा ठराव आम्ही स्वतः मांडणार आहोत. सभासदांनी त्याला अनुमोदन द्यावे. आणि ज्यांना तो मान्य नसेल, त्यांनी विरोध करण्यापूर्वी एक दुपार कोणत्याही दंतवैद्याच्या दवाखान्यातील बाकावर बसून, डॉक्टरांच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे हात पाहावेत, एवढीच आमची नम्र विनंती आहे.

जय जिनेंद्र.